दुखतंय कुठे, ते काढून दाखवा!

चौथीतला एखादा मुलगा तास चालू असताना रडवेला होऊन पुढे येतो आणि म्हणतो, “बाई, पोट दुखतंय.” आपण विचारतो, “कुठे दुखतंय?” तो उत्तर देत नाही. पोटावर सगळा पंजा ठेवतो आणि बेंबीभोवती गोल फिरवतो. पुन्हा विचारले तरी पुन्हा तेच. आपल्याला वाटते, याला नीट सांगता येत नाही, किंवा गृहपाठ झालेला नाही. पण शरीरशास्त्र सांगते की मुलगा अगदी बरोबर सांगतो आहे. आतड्यांसारख्या आतल्या अवयवांत वेदना वाहून नेणारे मज्जातंतू कातडीच्या मानाने फार विरळ असतात आणि मज्जारज्जूत शिरताना ते कातडीकडून येणाऱ्या तंतूंच्या वाटेलाच मिळतात. त्यामुळे आतले दुखणे एका बोटाने दाखवता येत नाही. ते पसरटच जाणवते. आंत्रपुच्छाला सूज आली तरी सुरुवातीचे दुखणे बेंबीभोवती असते. सूज पोटाच्या अस्तरापर्यंत पोचली की मगच ते उजवीकडे खाली सरकते. डॉक्टर हे सरकणे लक्षपूर्वक विचारतात, कारण निदान त्यावर अवलंबून असते.

म्हणजे शब्द अपुरे पडले तेव्हा हाताने माहिती दिली. शरीरावर फिरणारा हात हे चित्रच आहे, फक्त ते उमटत नाही. ते कागदावर किंवा जमिनीवर उमटवून घेतले तर? माणसाने जे भोगले, सोसले, अनुभवले ते समजून घेण्यासाठी त्याच्याच शरीराचे चित्र त्याच्याकडूनच काढून घ्यायचे, या पद्धतीला इंग्रजीत बॉडी मॅपिंग म्हणतात. आपण तिला देहनकाशा म्हणू. गेल्या तीसचाळीस वर्षांत समाजशास्त्र, आरोग्यशास्त्र आणि मानववंशशास्त्र यांत ही पद्धत रुजली आहे. ती कुठून आली, तिची गरज का पडली आणि आपल्या नाशिककडच्या शाळांना तिचा काय उपयोग, हे या लेखात पाहू.

स्वतःची नस कापून घेणारा डॉक्टर

वेदनेचा नकाशा काढण्याची कल्पना आधी डॉक्टरांना सुचली. लंडनचे मज्जाविकारतज्ज्ञ हेन्री हेड यांनी १८९३ साली एक प्रबंध प्रसिद्ध केला. पोटातल्या किंवा छातीतल्या अवयवाला विकार झाला की कातडीचा कोणता पट्टा हुळहुळा होतो, हे त्यांनी रुग्ण तपासून नोंदवले होते. हे पट्टे आजही त्यांच्या नावाने ओळखले जातात. हृदयाला रक्त कमी पडले की डाव्या हातात कळ का येते, यासारख्या प्रश्नांकडे त्यामुळे शास्त्रीय दृष्टीने पाहता येऊ लागले.

पण हेड यांना एक अडचण सारखी येत होती. रुग्ण कंटाळतात, थकतात आणि आपल्याला नेमके काय जाणवते हे त्यांना शब्दांत सांगता येत नाही. तेव्हा त्यांनी एक विलक्षण निर्णय घेतला. २५ एप्रिल १९०३ रोजी त्यांनी आपल्या डाव्या हाताची एक संवेदक नस शस्त्रक्रियेने कापून घेतली व तिची टोके पुन्हा शिवून घेतली. पुढची चार वर्षे सवड मिळेल तसे ते केंब्रिजला आपले मित्र डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स यांच्याकडे जात. हेड डोळे मिटून बसत. रिव्हर्स कापसाचा बोळा, टाचणी, थंड व गरम पाण्याच्या नळ्या त्यांच्या हातावर टेकवत. हेड सांगतील त्याप्रमाणे बधिर भागाची सीमा कातडीवरच आखली जाई आणि तिचे छायाचित्र घेतले जाई. हा सगळा वृत्तान्त १९०८ साली प्रसिद्ध झाला.

या प्रयोगातून निघालेले काही निष्कर्ष पुढे टिकले नाहीत. पण प्रयोगाची मांडणी पाहण्यासारखी आहे. अनुभव घेणारा आणि नोंद करणारा, दोघेही जाणकार आणि दोघेही बरोबरीचे. अनुभवणाऱ्याच्या शब्दाखेरीज रेषा पुढे सरकत नव्हती. आणखी एक योगायोग असा, की रिव्हर्स हे मानववंशशास्त्रज्ञही होते. याच्या थोडे आधी त्यांनी निलगिरीतील तोडा लोकांमध्ये राहून अभ्यास केला होता आणि त्यावरचे त्यांचे पुस्तक १९०६ साली निघाले. मज्जातंतूंचा अभ्यास आणि माणसांचा अभ्यास या एकाच माणसाच्या दोन बाजू होत्या.

पुढे १९४९ साली न्यूझीलंडमधील हॅरल्ड पामर या डॉक्टरांनी रुग्णाच्याच हाती शरीराची छापील बाह्याकृती दिली आणि दुखते ते त्यालाच रंगवायला सांगितले. १९७५ साली रोनाल्ड मेलझॅक यांनी कॅनडात तयार केलेल्या प्रश्नावलीत अशी आकृती होती आणि तिच्या जोडीला वेदनेची ७८ विशेषणे २० गटांत मांडलेली होती. आपल्या मराठीत अशी यादी करायला बसलो तर ती काही लहान होणार नाही. ठणका, कळ, चमक, उसण, रग, मुरडा, सल, ठसठस, चुरचुर, आग, कणकण, मुंग्या, झिणझिण्या. यांतला प्रत्येक शब्द वेगळे दुखणे सांगतो. डोके ठणकते, पण पोटात मुरडा येतो. पाठीत उसण भरते, पण पिंढरीला गोळा येतो. विद्यार्थ्यांना हे शब्द शरीराच्या आकृतीवर आपापल्या जागी लिहायला सांगा. भाषेचा आणि विज्ञानाचा एक सुंदर तास होईल.

मोजलेले शरीर

समाजाचा अभ्यास करणाऱ्यांनीही शरीराकडे लक्ष दिले, पण बराच काळ ते मोजपट्टी घेऊनच. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ब्रिटिश अमलात नाकाची रुंदी, कवटीचा आकार अशी मापे घेऊन जातीजमातींचे वर्गीकरण करण्याचे प्रयत्न झाले. त्यामागची वंशश्रेष्ठत्वाची कल्पना विज्ञानाने केव्हाच मोडीत काढली आहे. स्वतंत्र भारतातही काही काळ मापे घेतली गेली, पण निराळ्या प्रश्नांसाठी. इरावती कर्वे आणि वि. म. दांडेकर यांनी महाराष्ट्रातील निरनिराळ्या समाजांच्या शरीरमापांचा संख्याशास्त्रीय अभ्यास पुण्याच्या डेक्कन कॉलेजतर्फे १९५१ साली प्रसिद्ध केला.

मापांचे महत्त्व आहेच. मुलांची उंची आणि वजन मोजल्याखेरीज कुपोषण कळत नाही. पण मोजणाऱ्याला एक गोष्ट कधीच कळत नाही, ती म्हणजे त्या शरीरात राहणाऱ्या माणसाला कसे वाटते. उंची मोजताना माणूस गप्प उभा असला तरी चालते. त्याचे दुखणे समजून घ्यायचे तर त्याने बोलावे लागते. मग साधा उपाय म्हणजे विचारणे. पण विचारणे वाटते तितके सोपे नाही, हे महाराष्ट्रातच दोन ठिकाणी फार स्पष्टपणे दिसून आले.

गडचिरोली आणि नाशिक

१९८० च्या दशकात डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली. जानेवारी १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात तिचे निष्कर्ष आले आणि जगाचे लक्ष गडचिरोलीकडे गेले. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग किंवा लैंगिक अवयवांचा एक तरी विकार होता. दर स्त्रीमागे अशा विकारांची सरासरी ३.६ होती. पण यापूर्वी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या अवघ्या ८ टक्के. तक्रार सांगणाऱ्या ५५ टक्के होत्या, उरलेल्या ४५ टक्के स्त्रियांनी आपल्याला काही त्रास असल्याचे सांगितले नाही.

या ४५ टक्क्यांचा विचार केला पाहिजे. काही विकारांना खरोखरच लक्षणे नसतात. पण काही वेळा लक्षण असते आणि ते ‘दुखणे’ या खात्यात मांडलेच जात नाही. अंगावरून पांढरे जाणे, कंबर धरणे हे बाईच्या जन्माला आलेलेच, असे मानले की ते आजार म्हणून सांगायचे कारणच उरत नाही. बंग यांनी पुढे ‘कानोसा’ या पुस्तकात याच स्त्रियांचे बोलणे मराठी वाचकांपुढे ठेवले. या पुस्तकाचे नावच पुरेसे बोलके आहे. इथे नुसते ऐकून भागत नाही, कानोसा घ्यावा लागतो.

दुसरे उदाहरण आपल्याच जिल्ह्यातले. १९९० च्या दशकात मुंबईच्या ‘सेहत’ या संशोधनसंस्थेने नाशिक जिल्ह्याच्या ग्रामीण आणि शहरी भागात घरोघरी जाऊन स्त्रियांच्या आजारपणाची पाहणी केली. नेहा मढीवाला, सुनील नांदराज आणि रूपाश्री सिन्हा यांचा तिच्यावरचा अहवाल २००० साली प्रसिद्ध झाला. मोठ्या सरकारी पाहण्यांत बहुधा घरातल्या एकाच माणसाला सगळ्यांची माहिती विचारली जाते. “गेल्या पंधरा दिवसांत घरात कोणी आजारी होते का?” असा प्रश्न असतो. ‘आजारी’ म्हणजे अंथरुणाला खिळलेला, असा अर्थ घरोघरी लावला जातो. उत्तर येते, “नाही, सगळे बरे आहेत.” नाशिकच्या पाहणीत स्त्रियांशी स्त्रियांनीच बोलायचे, आणि एक मोघम प्रश्न विचारून थांबायचे नाही तर एकेक लक्षण घेऊन विचारायचे, असे ठरवले होते. असे विचारले की मोघम प्रश्नाला न सांगितलेले कितीतरी त्रास पुढे येतात. बाई तीच, शरीर तेच. प्रश्न बदलला की उत्तर बदलते.

शिक्षकांना हे नवीन नाही. “समजले का?” असे विचारले की सगळा वर्ग “हो” म्हणतो.

पण लक्षणांच्या यादीलाही मर्यादा असते. यादी करणारा शिकलेला असतो. त्याच्या डोक्यात जे शरीर असते ते पाठ्यपुस्तकातले असते. समोरच्या बाईच्या मनातल्या शरीराची रचना निराळी असली तर? ती यादीत कुठून सापडणार? इथे देहनकाशाची गरज सुरू होते.

आतून काढलेले चित्र

१९८० च्या दशकात मानववंशशास्त्रज्ञ कॅरल मॅकॉर्मॅक यांनी जमैका बेटावरील स्त्रियांना शरीराचा आतला भाग काढून दाखवायला सांगितला. संततिनियमनाची साधने फुकट मिळत असूनही बायका ती का नाकारतात, हा आरोग्य खात्यापुढचा प्रश्न होता. चित्रांतून उत्तर मिळाले. अनेकींच्या मनात शरीराचा आतला भाग म्हणजे एक मोकळी, एकमेकांना जोडलेली पोकळी होती. खालून आत गेलेली वस्तू वर कुठेही जाऊ शकते, अडकू शकते, हरवू शकते. असे शरीर मनात असेल तर साधन बसवून न घेणे हा अडाणीपणा नव्हे, ते शहाणपणच ठरते.

१९९२ साली अँड्रिया कॉर्नवॉल यांनी झिंबाब्वेतील असाच अनुभव लिहिला. तिथल्या खेड्यांतील स्त्रियांनी स्वतःच्या शरीराचे नकाशे काढून गोळी आत जाऊन काय करते ते दाखवले होते. या कामात चित्र हे उत्तर नव्हते, बोलण्याची सुरुवात होती. एकीने रेघ ओढली की दुसरी म्हणे, “छे, तसे नाही, ते इकडून जाते,” आणि संशोधक ऐकत बसे. एरवी प्रश्न विचारणारा उभा आणि उत्तर देणारा खाली बसलेला असतो. इथे सगळे जमिनीवरच्या चित्राभोवती बसलेले होते.

भारतात या पद्धतीला अनुकूल जमीन आधीच तयार होती. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून आपल्याकडे अनेक स्वयंसेवी संस्थांनी गावकऱ्यांकडूनच गावाचे नकाशे काढून घ्यायला सुरुवात केली होती. ब्रिटनमधील अभ्यासक रॉबर्ट चेंबर्स यांनी या सहभागी पद्धतींचा प्रसार केला. खडू, रांगोळी, पाने, बिया, खडे अशा साहित्याने अंगणात विहिरी, पायवाटा, शेते मांडली जात. ज्यांना नकाशा येत नाही असे शिकलेल्यांना वाटे, त्या लोकांनी गावाचे बारकावे अचूक मांडले. रांगोळी तर आपल्या बायकांच्या बोटांतच असते. गावाचा नकाशा काढणारे हात शरीराच्या नकाशाकडे वळले, यात नवल नाही.

तांबी बसवली तर ती वर सरकून छातीत जाईल, ही भीती आपल्या देशाच्या अनेक भागांत नोंदली गेली आहे. एरवी आरोग्यसेविका म्हणते, “असे काही होत नाही,” आणि बाई मान डोलावून घरी जाते. चित्र समोर असेल तर सेविकेला दाखवता येते की गर्भाशय हा वरून बंद असलेला स्नायूंचा कोष आहे, त्यातून छातीकडे वाट जात नाही. मग समज बदलण्याची शक्यता असते. शिवाय सेविकाही काही शिकते. साधन बसवल्यावर पोटात दुखणे, अंगावरून जास्त जाणे हे त्रास खरोखर होऊ शकतात आणि बाई त्यांनाच ‘वर सरकले’ म्हणत असेल, हे तिला कळते. ‘गैरसमज’ म्हणून जे झटकले जाते त्याच्या पोटात पुष्कळदा खरा अनुभव असतो.

१९९५ साली ‘ना शरीरम् नाधी’ हे पुस्तक निघाले. तेलुगूतल्या या नावाचा अर्थ ‘माझे शरीर माझे आहे’. सबला आणि क्रांती या लेखिकांनी खेड्यांतील स्त्रियांबरोबर केलेल्या आरोग्यशिक्षणाच्या कामातून ते तयार झाले आणि डॉ. मीरा सदगोपाल यांनी ते संपादित केले. पुण्यातील तथापि ट्रस्टने पुढे ‘शरीर साक्षरता’ हा शब्द शिक्षकांपर्यंत पोचवला. अक्षरओळख असूनही आपण आपल्या शरीराच्या बाबतीत निरक्षर असू शकतो, हे त्या शब्दाने नेमके सांगितले.

केपटाऊनमधील पूर्णाकृती

देहनकाशाला आजचे रूप मिळाले ते दक्षिण आफ्रिकेत. २००१ साली केपटाऊनजवळच्या खायेलित्शा या वस्तीत एका आंतरराष्ट्रीय वैद्यकीय संघटनेने एचआयव्हीवरील औषधे द्यायला सुरुवात केली. तेव्हा तिथल्या सरकारी रुग्णालयांतून ही औषधे सर्रास मिळत नव्हती. एचआयव्हीमुळेच एड्स होतो का, याविषयीच सरकारच्या वरच्या पातळीवर शंका घेतल्या जात होत्या. २००२ साली केपटाऊन विद्यापीठाच्या एका प्रकल्पात जेन सॉलोमन या चित्रकर्तीने औषधे घेणाऱ्या स्त्रियांबरोबर चित्रशिबिर घेतले. मानसशास्त्रज्ञ जोनाथन मॉर्गन हा प्रकल्प चालवत होते. या स्त्रियांचा गट बांबानानी या नावाने ओळखला जाऊ लागला.

पद्धत अशी होती. माणसाएवढा मोठा कागद जमिनीवर पसरायचा. एकीने त्यावर आडवे व्हायचे, दुसरीने तिच्याभोवती रेघ काढायची. मागे आधार देणाऱ्या व्यक्तीची बाह्याकृती सावलीसारखी काढायची. मग आत रंगवायचे. शरीरावरचे वण आणि त्यांची हकीकत, विषाणू कुठे आहे असे वाटते, औषध काय करते, आपले बळ शरीरात कुठे आहे. काम अनेक दिवस चाले. चित्र पुरे झाले की त्याची गोष्ट काढणारीनेच सांगायची. २००३ साली ही चित्रे आणि हकिगती पुस्तकरूपाने आल्या.

ज्या काळात औषधांचा उपयोग होतो की नाही यावर वाद झडत होते, त्या काळात ती घेऊन जगणाऱ्या बायका स्वतःच्या आकाराच्या चित्रांतून बोलत होत्या. औषध गुणकारी आहे हे चित्राने सिद्ध होत नाही, त्यासाठी रक्ततपासणी आणि नियंत्रित चाचण्या लागतात, आणि त्या झालेल्या होत्या. पण ‘एड्सचा रोगी’ या दोन शब्दांमागे एक अख्खे माणूस आहे, हे चाचणीचा आकडा दाखवू शकत नव्हता.

तिथून ही पद्धत जगभर गेली. २०१२ साली टोरांटो विद्यापीठाच्या डेनिस गस्ताल्दो आणि सहकाऱ्यांनी कागदपत्रे नसलेल्या लॅटिन अमेरिकन कामगारांचे देहनकाशे वापरून संशोधन केले. ज्यांना आपले नाव, चेहरा, पत्ता काहीच उघड करता येत नाही, त्यांची बाजू या चित्रांनी मांडली. कामगार चळवळीने याचे सोपे रूप वापरले. आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने २००२ साली काढलेल्या एका कामगार-पुस्तिकेत ते सांगितले आहे. भिंतीवर शरीराची आकृती लावायची आणि प्रत्येकाने जिथे दुखते तिथे रंगीत ठिपका चिकटवायचा. एकट्याचा ठिपका म्हणजे एकट्याची तक्रार. पण एकाच विभागातल्या वीस जणांचे ठिपके उजव्या मनगटावर जमले, तर बहुधा मनगटाचा दोष नसतो, यंत्राच्या दांड्याचा असतो.

चित्रावर किती विश्वास ठेवायचा?

विज्ञानाच्या मासिकात हा प्रश्न टाळून चालणार नाही. २०१४ साली फिनलंडच्या लाउरी नुम्मेनमा आणि सहकाऱ्यांनी ७०१ जणांना संगणकावर रिकाम्या आकृत्या दिल्या. राग, भीती, आनंद, दुःख अशा भावनांत शरीराचा कोणता भाग जागा होतो आणि कोणता मंदावतो, ते रंगवायला सांगितले. फिनलंड, स्वीडन आणि तैवान येथील लोकांची चित्रे बऱ्याच अंशी जुळली. रागात डोके, छाती आणि हात, दुःखात गळून गेलेले हातपाय. पण रागात हाताचे तापमान किंवा रक्तप्रवाह किती वाढतो, हे या प्रयोगाने मोजलेले नाही. लोकांना काय जाणवते एवढेच मोजले आहे. ‘जाणवणे’ आणि ‘असणे’ या दोन निराळ्या गोष्टी आहेत. दोन्ही खऱ्या आहेत, पण एकीचा पुरावा दुसरीला चालत नाही.

आणखीही मर्यादा आहेत. पहिल्या बाईने जे काढले तेच पुढच्या काढतात. छापील आकृती दिली तर तिच्या रेषेबाहेर कोणी जात नाही. चित्र येत नाही म्हणून काहीजण मागे राहतात. संशोधक चित्र घेऊन जातो आणि घरी बसून स्वतःच त्याचा अर्थ लावतो, हा सर्वांत मोठा धोका. लाल रंग म्हणजे वेदनाच, असे त्याने ठरवले आणि काढणारीने तो कुंकवाचा म्हणून वापरला असला तर? म्हणून चांगल्या कामात चित्र आणि ते काढणाऱ्याचे बोलणे यांची फारकत कधीच करत नाहीत. शिवाय जुनी जखम चितारताना ती पुन्हा उघडी पडू शकते. आधाराची सोय नसेल तर असे काम हाती घेऊ नये. जमिनीवरच्या रांगोळीत एक मोठा गुण आहे, बोलणे संपले की ती पुसून टाकता येते. आपल्या शरीराचे चित्र कोणाच्या कपाटात राहणार, हे ठरवण्याचा हक्क काढणाऱ्याचा आहे.

बीडचा आकडा

हे सगळे कशासाठी, असे कोणी विचारले तर बीड जिल्ह्याकडे पाहावे. ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांची गर्भाशये मोठ्या संख्येने काढली जात असल्याच्या बातम्या आल्या, तेव्हा राज्य सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. २०१९ साली झालेल्या पाहणीत बीडमधील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशयाची पिशवी काढलेली आढळली, म्हणजे दर सहा जणींमागे एकीची. कामाचा खाडा परवडत नाही, फडात पाण्याची आणि आडोशाची सोय नाही, खाजगी दवाखान्यात भीती घातली जाते, अशी अनेक कारणे त्यामागे होती. त्यांत एक कारण हेही की ‘पिशवी’ म्हणजे मुले झाल्यावर निरुपयोगी झालेली वस्तू, असे शरीराचे चित्र मनात असते. ते तसे नाही हे समजावून सांगायला कोणी बसलेले नसते. पाळीच्या वयात गर्भाशयाबरोबर बीजकोशही काढले, तर हाडे ठिसूळ होण्यापासून पुढे बरेच परिणाम होतात. गर्भाशय आणि बीजकोश निराळे आहेत, एवढी साधी आकृती ज्या बाईला काढता येते, ती डॉक्टरला निदान एक प्रश्न तरी विचारू शकते.

वर्गात काय करता येईल?

शाळेत मुलांनी स्वतःच्या शरीराचे नकाशे काढावेत, असे आम्ही सुचवत नाही. ते नाजूक काम आहे आणि त्याला वेगळी तयारी लागते. पण ‘कामाचा देहनकाशा’ आठवीनववीच्या वर्गाला सहज जमेल.

एका मोठ्या कागदावर माणसाच्या दोन साध्या आकृत्या काढा, एक समोरून आणि एक पाठीमागून. स्नायू व सांध्यांच्या दुखण्यासाठी १९८७ पासून वापरल्या जाणाऱ्या नॉर्डिक प्रश्नावलीत पाठमोऱ्या आकृतीचे नऊ भाग केलेले असतात: मान, खांदे, कोपर, मनगट, पाठ, कंबर, मांड्या, गुडघे आणि घोटे. तेच भाग घ्यावेत. विद्यार्थ्यांनी घरातल्या किंवा शेजारच्या कष्ट करणाऱ्या मोठ्या माणसांना विचारून यावे, पण त्यांची परवानगी घेऊन. सांगायचे नसेल तर आग्रह नाही. नाव लिहायचे नाही, फक्त काम लिहायचे. “काही दुखते का?” असे विचारू नये. आकृती पुढे करून म्हणावे, “आजी, काम करून संध्याकाळी अंग कुठे बोलते, ते यावर दाखवा ना.” आणि त्या जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यावे.

आपल्या जिल्ह्यात कामांचे वैविध्य मोठे आहे. इगतपुरी-त्र्यंबककडे आवणीच्या दिवसांत चिखलात वाकून भात लावणाऱ्या बाया, सिन्नरला मांडीवर सूप घेऊन तासन्‌तास विड्या वळणाऱ्या आज्या, दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागेत मांडवाखाली हात वर करून छाटणी आणि विरळणी करणारी मजूर माणसे, शिवाय कारखान्यातले कामगार आणि रिक्षाचालक. प्रत्येक कामाचे ठिपके वेगळ्या रंगाने त्या एकाच आकृतीवर उमटवा. कोणत्या कामाचे ठिपके कुठे दाटतात? आपण आधी काय अंदाज केला होता? कोणत्या भागाला कोणी हातच लावला नाही, आणि तिथे खरोखर दुखत नाही की सांगितले जात नाही? दहाबारा माणसांवरून जिल्ह्याविषयी बोलता येईल का? दुखते म्हणजे तिथे रोग आहेच का? या प्रश्नांची उत्तरे शोधताना नमुना, पूर्वग्रह, निरीक्षण आणि अनुमान हे शब्द मुलांना पाठ करावे लागणार नाहीत.

आणखी एक गोष्ट घडण्याचा संभव आहे. रोज संध्याकाळी आई कंबरेवर हात ठेवून चुलीपुढून उठते. ते मुलाने हजारदा पाहिलेले असते, पण विचारलेले नसते. कागद पुढे करून तो पहिल्यांदा विचारील. आई कदाचित हसेल आणि म्हणेल, “काय करायचंय तुला?” मग थोडे थांबून बोट टेकवील.

त्या ठिपक्याची नोंद मुलाने नीट करावी, एवढे आपण त्याला शिकवू.